एका भाकरीची चौकशी

॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
६ ऑगस्ट २०२३

ती. गं. भा. नीलम्मा आत्यास,
शिवकुमारचा शि. सा. न. वि. वि.

कानाचं मशीन तू पुन्हा तांदळाच्या डब्यात टाकून दिल्याचं शेजारच्या पार्वतम्माकडून कळलं. म्हणजे फोनचा मार्ग बंद आणि पत्राचा चालू. एका परीनं बरंच झालं. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, पत्रात निदान पानभर तरी माझी सत्ता.

बातमी अशी, की तुझा भाचा राष्ट्रीय प्रमुख झाला आहे. लगेच कुणाला सांगू नकोस, आधी पुढचं वाच. संस्था लंडनची आहे, बऱ्याच देशांत काम करते. काम ऐकायला अगदी सोपं, गरीब घरांना सरळ पैसे द्यायचे. शेळी नाही, शिलाई मशीन नाही, भाषण तर नाहीच. पैसे त्यांच्या खात्यात, त्याचं काय करायचं ते त्यांचं ते बघतील. भारतातली सुरुवात बिलोली तालुक्यातून करायची, म्हणून राष्ट्रीय कार्यालय नांदेडात. वर्कशॉप कॉर्नरच्या पुढं, टायरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. खाली टायरात हवा भरायला लागले की वर राष्ट्रीय बैठक थांबवावी लागते. मला धरून सहा माणसं आहेत. माझ्या केबिनला दार आहे. ते लागत नाही, पण आहे.

आल्या आल्या मी एक मोठं काम केलं. आमच्या माणसांनी कसं वागावं याची नियमावली लिहिली. दुसऱ्या एका देशात म्हणे संस्थेची माणसं यादीत नाव घालायला कोंबडी मागायची. म्हणून मी कलम घातलं, की ज्या घराला पैसे मिळायचे आहेत त्या घरचा चहा, पाणी, जेवण, काही म्हणजे काही घ्यायचं नाही. घेतलं तर निलंबन. लंडनच्या आमच्या मोठ्या बाई, हेलनबाई, इतक्या खूश झाल्या की ते कलम त्यांनी सगळ्या देशांना लागू केलं. उदगीरच्या भांड्याच्या दुकानात गल्ल्यामागं बसून अभ्यास केलेल्या पोराचं वाक्य आता आफ्रिकेत पाळतात. त्या दिवशी मी स्वतःच्याच कौतुकाचे पेढे आणले आणि राष्ट्राला वाटले.

गुडघ्याला तेल लाव. कळावे. लोभ आहे तो कमी करू नये, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा,
शिवकुमार (राष्ट्रीय)


॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

उदगीर,
१५ ऑगस्ट २०२३

चि. शिवकुमार यास,
नीलम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सांगू नकोस म्हणालास म्हणून सगळ्या बाजारात सांगितलं. समोरचे शिवमूर्ती सावकार म्हणाले, फुकट पैसे वाटणारी माणसं निवडणूक तोंडावर आली की येतात, हा एवढ्या आधी कसा आला. मी म्हटलं, त्याला पहिल्यापासून वेळ कळत नाही. पार्वतम्मानं मात्र आमच्या घरी पाठव म्हणून निरोप दिला आहे. तिच्या घरी दोन फ्रीज आहेत, ते तुझ्या नियमात बसतात का बघ.

मशीन डब्यात टाकलं कारण ते कानात शिट्टी वाजवतं. बाजारातल्या बायका दर कमी करा म्हणतात तेवढं मला मशीन नसताना नेमकं ऐकू येत नाही, तो फायदाच आहे.

तुझं ते कलम वाचून मात्र लई हसले. परक्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही तर माझी सोवळ्याची मडी झाली की रे. मी जन्मभर शिवाशिव पाळली, कुणाकडं घोटभर पाणी घेतलं नाही, म्हणून कॉलेजात असताना तू माझ्याशी भांडून उपाशी झोपला होतास. माणसाला माणूस समज म्हणाला होतास. आता तीच मडी लंडनहून शिक्का मारून आणलीस होय. त्या हेलनबाईला म्हणावं, उदगीरला ये, मी अजून चार कलमं सांगते.

पेढे पाठवले नाहीस, ते लक्षात ठेवलं आहे. कळावे. आशीर्वाद नेहमीचेच, फिकीर करू नये.

तुझी,
नीलम्मा आत्या


॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
२४ सप्टेंबर २०२३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमच्याकडं अंजू म्हणून मुलगी आहे, उमरीची. गावोगाव फिरून घरं नोंदवायचं काम करते. बिलोलीच्या पलीकडं मांजरेच्या अंगाला एक वस्ती आहे, गावापासून वेगळी. त्या वस्तीच्या हातचं पाणी गावात आजही सगळे पीत नाहीत. कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच. दिवाळी झाली की तेलंगणातल्या वीटभट्टीचा ट्रक वस्तीवर येतो आणि घरंच्या घरं घेऊन जातो. माणसं परततात ती उन्हाळा सरताना. तिथं सरजाबाई नावाची बाई आहे. तिची नात सातवीत शिकते. गेल्या साली पोरगी आजीबरोबर भट्टीवर गेली आणि शाळा तुटली. या साली काही झालं तरी पोरीला विटा उचलायला न्यायचं नाही, असं सरजाबाईनं धरलं आहे. पण घरात खायला असेल तरच भट्टी चुकवता येते. म्हणजे आमचे पैसे दिवाळीआधी वस्तीवर पोचले तरच. सगळी धावपळ त्यासाठी चालली होती.

त्या धावपळीत अंजू भादव्याच्या उन्हात दिवसभर फिरली. दुपारी सरजाबाईनं तिला बळंच बसवलं आणि भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी वाढली. ती जेवली. कुणीतरी फोटो काढला. तो फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आला आणि तिथून हेलनबाईंकडं गेला. फोटो छान आहे, अंजू त्यात हसते आहे. मी माझंच कलम उघडून बघितलं. त्यात जेवण हा शब्द मीच ठळक अक्षरांत घातला होता. अंजूला निलंबित केलं. निलंबनाचं पत्र इंग्रजीत होतं, त्यामुळं लिहिताना मला फारसं वाईट वाटलं नाही.

मग वस्तीवरून निरोप आला. एकूण एक घरानं पैसे नको म्हणून सांगितलं आहे. आमच्या घरची भाकर खाल्ली म्हून लेकरू घरी बसलं, तर तुमचा पैसा आमच्या घरात कशाला, असं सरजाबाई म्हणाली म्हणे. गरिबाला पैसे द्यायला निघालेला आणि गरिबानंच परत पाठवलेला असा राष्ट्रीय प्रमुख देशात मी पहिलाच असेन. कार्यालयात हिशेब बघणारा दयानंद म्हणतो, सर, घेणाऱ्यानं नाही म्हटलं तर काय करायचं हे आपल्या नियमावलीत नाही. नसणारच. हे मला लिहिताना सुचलं नव्हतं.

आत्या, खरं सांगतो, घाबरलो आहे. ट्रक माझ्यासाठी थांबायचा नाही. काय करू ते कळव. कळावे. लोभाची सध्या गरज जास्त आहे.

तुझा,
शिवकुमार


॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

उदगीर,
२ ऑक्टोबर २०२३

चि. शिवकुमार यास,
आत्याचे आशीर्वाद.

आज दुकान बंदच ठेवलं आणि लिहायला बसले. गांधीबाबाच्या सुटीला गिऱ्हाईक तसंही येत नाही.

त्या वस्तीवर गेल्यावर तू पाणी कुठलं पितोस ते लिहिलं नाहीस. मी सांगते. गाडीतून बाटली काढत असशील आणि त्यांच्याच दारात उभा राहून, त्यांच्यासमोर पीत असशील. बाई आतून तांब्या घेऊन आली असेल आणि तू हात हलवला असशील. साहेबाला उन्हात नुसतं नको म्हणताना बघितलं, की त्या माणसांना मागचं सगळं आठवतं. तुझ्या मनात काय होतं ते त्यांना कसं दिसावं? मला ठाऊक आहे, कारण मीही अशीच हात हलवते, आणि समोरच्याचं तोंड कसं होतं ते मी रोज बघते. मी बघून सोडून देते, ती गोष्ट निराळी.

कोंबडी मागणारा वेगळा आणि वाढलेलं खाणारा वेगळा, एवढं तरी कलमात घालायचं होतंस. एवढा शिकलास, पण एका कोंबडीपायी सगळ्या जगाच्या भाकरीवर बंदी घातलीस.

आता असं कर. वस्तीवर जा आणि आपल्या तोंडानं बोल. संगं माणसं नेऊ नकोस, मोठी गाडी नेऊ नकोस, इस्त्रीचा शर्ट घालू नकोस. बोलणं लवकर आटप. तुझं बोलणं लांबलं की बिघडतं, हे तुझ्या लग्नाच्या बैठकीपासून मी बघते आहे.

कळावे. पोरीचं, अंजूचं, काय केलंस तेही लिही. जीव तिच्याकडं लागला आहे, तुझ्याकडं नाही.

तुझी,
आत्या


॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
१५ ऑक्टोबर २०२३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस त्याच्या बरोबर उलट केलं. का केलं विचारू नकोस. पत्र वाचून मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं राष्ट्र बोलेरोत भरून निघालो.

इस्त्रीचा शर्ट तर होताच, वर फ्लेक्सही होता. बिलोलीच्या फ्लेक्सवाल्याला मी संस्थेचं नाव मोठं घाल एवढंच सांगितलं होतं. त्यानं नाव बारीक घातलं आणि हात जोडलेला माझा फोटो पुरुषभर उंचीचा केला. वस्तीवरच्या भुजंगबुवांनी बराच वेळ फ्लेक्सकडं बघून, कोणत्या पक्षाकडून उभे हाव म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं तर त्यांना ते पटलं नाही.

मी माइकवरून बोललो. तू म्हणतेस तसं बोलणं लांबलं. आमचा नियम सगळ्यांना सारखा आहे, तुम्हाला कमी लेखायचा प्रश्नच नाही, आम्ही कुणाचंच काही घेत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा सरजाबाई उठली. ठेंगणी, पदर खोचलेली बाई. तिनं एवढंच विचारलं, की मग आज सकाळी सरपंचाच्या ओसरीवर बसून पोहे कुणी खाल्ले.

आत्या, मीच खाल्ले होते. चहाही दोनदा घेतला होता. कारण सरपंच गरीब नाही, त्याला आमचे पैसे मिळायचे नाहीत, म्हणून माझ्या कलमाप्रमाणं त्याच्याकडं चालतं. ज्याचं घर भरलेलं त्याच्याकडं पोहे खायचे, आणि ज्याचं रिकामं त्याच्या दारात पाणीसुद्धा नाही. हे मी लिहिलं होतं. लिहिताना ते मला फार स्वच्छ वाटलं होतं. माइक चालूच होता, त्यामुळं माझं गप्प बसणंही सगळ्या वस्तीला ऐकू गेलं. मला इतकी लाज याआधी कधी वाटली होती ते आठवत नाही.

मग सरजाबाई म्हणाली, लई बोलून राहिले साहेब, आता बसा. अंजूनं खाल्लं तेच तुम्ही आमच्या घरी खा, पोरीला कामावर घ्या, मंग पैशाचं बघू. आत ताट तयार होतं. भाजीचा वास येत होता. आणि तुझ्या भाच्यानं काय उत्तर दिलं असेल? विचारून सांगतो, असं म्हणाला. राष्ट्रीय प्रमुखानं, भाकर खाऊ का, हे विचारून सांगतो म्हटलं. मागं कुणीतरी हसलं. फ्लेक्स तिथंच राहिला. आता त्यानं एका शेळीच्या गोठ्याला आडोसा झाला आहे, असं कळतं.

हेलनबाईंना विचारलं. त्यांनी फार सौजन्यानं कळवलं, की एका वस्तीसाठी नियम मोडता येणार नाही, मी मोडला तर मलाही तोच नियम लागेल. बदल हवा असेल तर प्रस्ताव द्यावा, जानेवारीच्या सभेत तो घेता येईल. जानेवारीत त्या वस्तीवर दाराला कुलपं असतात. सरजाबाईची नात तेव्हा विटा थापत असेल, आणि आम्ही सभेत चहा पीत असू.

अंजूला फोन केला होता. ती म्हणाली, सर, तुमचं चूक न्हाई, नियमात तसंच लिहून हाय. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कळावे. लोभ असू दे, मी त्याच्या लायक नसलो तरी.

तुझा,
शिवू


॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

उदगीर,
२३ ऑक्टोबर २०२३

चि. शिवू यास,
आशीर्वाद.

उद्या दसरा. सोनं वाटायला माणसं येतील, म्हणून थोडक्यात लिहिते.

मी जन्मभर कुणाकडं पाणी घेतलं नाही. बरोबर केलं का चूक, ते शिव बघेल. पण मी कुणाच्या दारात जाऊन तुझं भलं करायला आले आहे असं कधी सांगितलं नाही. आपल्या दुकानात बसले. तुला कुणाच्या दारात जायचंच असेल तर त्या घरात बसावं लागेल, वाढलेलं खावं लागेल. नाहीतर माझ्यासारखा दुकानात बस. दोन्ही एकदम जमायचं नाही.

लहानपणी भीती वाटली की तू पोटात दुखतं म्हणायचास आणि मी तुला शाळेला पाठवत नव्हते. तुझे आईबाप नव्हते म्हणून माझा जीव व्हायचा नाही. आता मी पाठवते आहे. जा.

नोकरी गेली तर घरी ये. गल्ल्यावर बसवायची नाही, तू सगळी भांडी फुकट वाटशील. पण खायला कमी पडणार नाही. कळावे. आशीर्वाद आहेच, तो भित्र्यालाही देते.

तुझी,
आत्या


॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
२६ नोव्हेंबर २०२३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला आलो नाही, पत्रही नाही, म्हणून रागावली असशील. आता सगळं एकदमच ऐक.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी माझ्या सहीनं अंजूला कामावर परत घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं बिलोलीला आणि तिथून ऑटोनं वस्तीवर गेलो. शर्ट इस्त्रीचा होता, दुसरा धुतलेला नव्हता. सरजाबाईनं ताट ठेवलं. आत्या, तिच्या घरच्या ठेच्याची तुला कल्पना नाही. दुसऱ्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. साहेबाला पस्तावा झाला, असं बाया आपसांत कुजबुजू लागल्या. थोडा झालाही होता, बाकीचा ठेचा होता. मी वेगळं करून सांगितलं नाही. तांब्यानं पाणी प्यालो, भाकर पुन्हा मागून घेतली. भुजंगबुवा माझ्याकडं बघत म्हणाले, आता निवडून याल.

संध्याकाळच्या आत सगळ्या वस्तीनं हो म्हटलं. पैसे सोडायची परवानगी मी लगेच दिली, आणि मग माझ्याविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. नियम मोडल्याची तक्रार राष्ट्रीय प्रमुखाकडं करायची असते. म्हणून मी माझ्याकडं केली. तक्रार मिळाल्याची पोच तक्रारदाराला देणं बंधनकारक आहे, म्हणून मी मला पोच दिली आणि तुमच्या सजगतेबद्दल आभारी आहोत असं कळवलं. दयानंदनं दोन्हींवर आवक-जावकचे शिक्के मारले, तोंड सरळ ठेवून. मग ती मी हेलनबाईंकडं पाठवली. अंजूला जो नियम लावला तो मला लावू नये असं म्हणायला माझ्याकडं काही नव्हतं.

हेलनबाईंनी मला तीन महिने बिनपगारी घरी बसवलं. अंजूला मात्र हात लावला नाही, आणि वस्तीचे पैसेही अडवले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कलम बदलायचं का ते जानेवारीत बघू म्हणतात. सध्या दयानंद राष्ट्र चालवतो. तो केबिनचं दार दुरुस्त करून घेणार आहे.

पैसे दिवाळीआधी वस्तीवर पोचले. त्यात एकदा फिसकटायची वेळ आली होती. साहेबाची नोकरी गेली हे कळल्यावर सरजाबाई पैसे परत घ्या म्हणून अंजूच्या मागं लागली. ते निलंबन साहेबानं आपलं आपणच ओढवून घेतलं, त्यात वस्तीचा काही दोष नाही, हे अंजूनं घरोघर समजावलं, तेव्हा कुठं ती शांत झाली.

भाऊबीज उलटली आणि ट्रक आला. मी आता कुणाचा साहेब नाही, म्हणून मोकळेपणानं बघायला गेलो होतो. ट्रकवाल्यानं बराच वेळ हॉर्न वाजवला. काही घरं गेलीच, भट्टीवाल्याकडून आधी उचल घेऊन बसली होती. त्यांना जाताना बघवलं नाही. सरजाबाई दारातून हलली नाही. नात शाळेच्या कपड्यांतच ट्रकच्या चाकाजवळून पलीकडं गेली, मागं न बघता. ट्रक गेल्यावर सरजाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी शेजारी बसून राहिलो.

नंतर तिनं चहा केला. चहा पिता पिता माझ्या तोंडून गेलं, की सरजाबाई, पैशाचं काय करायचं ठरवलं? तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, ते इचारायचं न्हाई म्हून तुमचीच अंजू सांगून गेली. तुमचा पगार झाला की तुमच्या लंडनच्या बाई इचारतात का, कशाला खर्चला म्हून? मी नाही म्हटलं. मग झालं तर, असं म्हणाली आणि मला अजून चहा ओतला.

निघताना ती आत गेली आणि ज्वारीची पिशवी घेऊन आली. तीन महिने पगार न्हाई म्हणे तुम्हाला, म्हणून पिशवी माझ्या खांद्यावर दिली. मी नको म्हटलं नाही. घेतली. त्या ज्वारीचं मी काय करणार, हे तिनं विचारलं नाही.

परवाच्या एसटीनं उदगीरला येतो. कळावे. लोभ दे, मी तो घ्यायला शिकतो आहे.

तुझा,
शिवू